जावा प्रकल्पाच्या बिल्डमधला फॉरमॅटर बदलताना

फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं हत्यार) बदलायचं ठरलं की पहिली नजर पोम फाइलकडे, म्हणजे मेव्हन या बिल्ड-हत्याराच्या सेटिंग्जच्या फाइलीकडे जाते. जुन्या प्लगइनचा ब्लॉक काढा, नव्याचा घाला, एकदा चालवा, कमिट करा. पोममधला बदल खरोखरच थोडक्या ओळींचा असतो. खरं काम पोमच्या बाहेर पडलेलं असतं: गिटमधला (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं हत्यार) इतिहास, उघड्या म्हणजे अजून मर्ज न झालेल्या ब्रँच, चेकस्टाइलचे (कोडची शैली तपासणारं हत्यार) नियम, प्रत्येकाचा आयडीई (कोड लिहायचा एडिटर) आणि सीआयचा (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) अर्धवट क्लोन. त्यामुळे पुढे पोमबद्दल कमी आणि या बाकीच्या गोष्टींबद्दल जास्त आहे.

प्रकल्प मेव्हनवरचा, अनेक मॉड्यूल्सचा, जावा १७ वर बिल्ड होणारा. जुनं प्लगइन एक्लिप्सच्या फॉरमॅटिंग इंजिनवर बसवलेलं होतं आणि सोबत तीनशेच्या वर सेटिंग्ज असलेली एक्सएमएल फाइल होती. त्यातली कोणती सेटिंग कुणी आणि का बदलली, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्याच्या जागी स्पॉटलेस आणलं आणि स्पॉटलेसच्या आत गूगल-जावा-फॉरमॅट.

जुन्याची अडचण कोड कुरूप दिसतो ही नव्हती. त्याचं फॉरमॅट करणारं ‘गोल’ (प्लगइनचं एक काम) प्रोसेस-सोर्सेस या फेजला (बिल्डच्या टप्प्याला) बांधलेलं होतं, म्हणजे प्रत्येक बिल्ड गुपचूप सोर्स फाइल बदलत असे. आपल्या मशीनवर हे सोयीचं वाटतं. सीआयवर मात्र बिल्ड आधी स्वतःच्या कामाच्या कॉपीत फाइल नीट करून घेतो, मग कंपाइल करतो आणि हिरवा होतो. रेपॉझिटरीत बेशिस्त कोड तसाच राहतो. पुढच्या माणसाने बिल्ड केला की त्याच्या कामाशी संबंध नसलेल्या फाइल बदललेल्या दिसतात, आणि तो त्या एक तर वैतागून परत फिरवतो किंवा नकळत आपल्या कमिटमध्ये ढकलतो. दुसरं म्हणजे जुन्या इंजिनाला रेकॉर्ड किंवा स्विचची नवी वाक्यरचना कळत नसे. अशी फाइल न छेडता सोडून दिली जायची आणि लॉगच्या शेवटच्या ओळीत ‘वगळलेल्या’ फाइलींचा आकडा एकाने वाढायचा. तो आकडा कुणी वाचत नाही.

म्हणून नव्या मांडणीचा नियम असा ठेवला: बिल्ड सोर्सला कधीही हात लावणार नाही. लिहिण्याचं काम माणूस मुद्दाम करेल, बिल्ड फक्त तपासेल. स्पॉटलेसमध्ये ही दोन कामं वेगळीच आहेत. ‘अप्लाय’ हे गोल फाइल बदलतं, ‘चेक’ हे गोल फक्त वाचतं आणि फरक आढळला तर बिल्ड पाडतं. चेक मूळचंच व्हेरिफाय फेजला बांधलेलं असतं आणि ते तिथेच राहू दिलं. व्हॅलिडेट फेजला आणलं असतं तर एखादी चाचणी घाईने चालवून बघतानाही एका स्पेससाठी बिल्ड थांबला असता. सीआयवर त्याची वेगळी जॉब केली, सगळ्यांच्या आधी धावणारी, म्हणजे निकाल लवकर हाती येतो.

शैली निवडताना

स्पॉटलेस हा स्वतः फॉरमॅटर नाही, तो वेगवेगळे फॉरमॅटर एकापाठोपाठ चालवतो. त्यामुळे जुनी एक्लिप्सची एक्सएमएल फाइल त्यातही वापरता आली असती. डिफ (आधीच्या आणि नंतरच्या कोडमधला फरक) सगळ्यात लहान हवी असेल तर तोच रस्ता बरा. पालंटीर-जावा-फॉरमॅट हा गूगलच्याच फॉरमॅटरचा फोर्क (त्याच्याच कोडवरून निघालेली वेगळी आवृत्ती) आहे. त्यात १२० अक्षरांची ओळ, ४ स्पेसचा इंडेंट आणि लॅम्ब्डांची (नाव नसलेल्या छोट्या फंक्शनांची) मांडणी अधिक मोकळी आहे. स्ट्रीम आणि बिल्डर यांनी भरलेल्या कोडमध्ये तो अधिक वाचनीय वाटतो, हे मान्य करावं लागेल. तरी गूगलचा घेतला, कारण त्यात ठरवण्यासारखं जवळपास काहीच नाही आणि सेटिंग्जच्या फाइलीपासून सुटका हाच निम्मा हेतू होता.

त्यातही दोन शैली आहेत. मूळ गूगल शैलीत २ स्पेसचा इंडेंट, एओएसपी (अँड्रॉइडचा मुक्त स्रोत प्रकल्प) शैलीत ४ चा. ओळीची मर्यादा दोन्हीकडे १०० अक्षरांची. आमचा कोड आधीपासून ४ स्पेसचा होता. २ स्पेस घेतले असते तर वर्गाच्या आतली जवळजवळ प्रत्येक ओळ बदलली असती. एओएसपी घेतल्यावर बऱ्याच ओळी जशाच्या तशा राहिल्या, आणि जी ओळ बदलत नाही तिच्यावर ब्लेम (ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी गिटची सोय) बिघडत नाही, मर्जही अडत नाही. या एका निवडीने पुढचा बराच त्रास वाचतो. किंमत एवढीच की खोल घरट्यातल्या लॅम्ब्डांना १०० अक्षरांत जागा अपुरी पडते. एओएसपी शैलीत इम्पोर्टचे गटही वेगळे पडतात: स्टॅटिक आधी, मग बाकीचे, जावाचे शेवटी, गटांमध्ये रिकामी ओळ. चाचणीची डिफ बघताना हे माहीत असावं, नाहीतर प्लगइन चुकतंय असं वाटतं.

इम्पोर्ट लावणं आणि न वापरलेले काढणं हे गूगलचा फॉरमॅटर स्वतः करतो. स्पॉटलेसमध्ये त्यासाठी वेगळ्या पायऱ्या आहेत, पण त्या सोबत घालू नयेत. पायऱ्या लिहिलेल्या क्रमाने चालतात, त्यामुळे इम्पोर्टची वेगळी पायरी आधी घातली तर तिचं काम पुसलं जातं आणि नंतर घातली तर ती गूगलचं पुसते. तारांकित इम्पोर्ट (शेवटी तारा देऊन सबंध पॅकेज आणणारे) मात्र हा फॉरमॅटर उलगडत नाही.

फॉरमॅटरची आवृत्ती पोममध्ये स्पष्ट लिहिलीच पाहिजे. ती न लिहिल्यास स्पॉटलेस स्वतःची शिफारस वापरतो, आणि ती शिफारस बिल्ड कोणत्या जेडीकेवर (जावाच्या विकास संचावर) चालतोय यावर ठरते. गूगल-जावा-फॉरमॅट १.८ पासून चालायला जावा ११ लागतं, पुढच्या आवृत्त्यांना १७. म्हणजे एकाकडे जेडीके ११ आणि दुसऱ्याकडे १७ असेल, तर दोघांचं अप्लाय एकमेकांची फाइल उलटसुलट करत बसतं आणि दोघांनाही दुसराच चुकतोय असं वाटतं.

जेडीके १६ पासूनचा आणखी एक अडसर आहे. हा फॉरमॅटर जावा कंपायलरचे आतले वर्ग वापरतो आणि जेईपी ३९६ (जावातल्या बदलाचा एक प्रस्ताव) ने ती आतली दारं बंद झाली. लक्षण ओळखायला सोपं आहे: इल्लीगल-ॲक्सेस-एरर, आणि त्यात जेडीके-कंपायलर हे मॉड्यूल अमुक पॅकेज अनामिक मॉड्यूलला एक्स्पोर्ट करत नाही असं वाक्य. उपाय म्हणजे प्रकल्पाच्या मुळाशी असलेल्या डॉट-एमव्हीएन फोल्डरमध्ये जेव्हीएम-कॉन्फिग नावाची फाइल ठेवून ॲड-एक्स्पोर्ट्सचे पर्याय देणं: एपीआय, कोड, फाइल, पार्सर, ट्री आणि युटिल या सहा पॅकेजेसना. ही फाइल मेव्हन ३.३.१ पासून वाचली जाते. मेव्हन ३ असेल तर तिच्यात हॅशने सुरू होणारी टिप्पणी लिहू नये. स्पॉटलेसच्या नव्या आवृत्त्या हे स्वतःहून जमवू पाहतात, तरी फाइल ठेवली. फॉरमॅटरचा जार सुटा चालवला किंवा आयडीईमधलं प्लगइन वापरलं तर मात्र तेच पर्याय तिथे पुन्हा द्यावे लागतात. ती जेव्हीएम (जावा चालवणारं यंत्र) वेगळी.

कच्च्या ब्रँचवरची फेरी

सगळी डिफ वाचण्यात अर्थ नाही. ती हजारो ओळींची असते आणि डोळे लवकर थकतात. त्याऐवजी आधी अप्लाय चालवावं, मग ठरावीक खुणा शोधून तेवढ्याच जागा बघाव्यात.

पहिली खूण म्हणजे ॲट-फॉरमॅटर-ऑफ आणि ऑन या टिप्पण्या. एक्लिप्स आणि इंटेलिजे यांना त्या कळतात. गूगलच्या फॉरमॅटरला कळत नाहीत, त्याच्यात ‘इथे हात लावू नको’ असं सांगायची सोयच नाही. म्हणजे कुणीतरी जपून रांगेत लावलेली मॅट्रिक्स किंवा बिट-मास्कची तक्ती पहिल्याच फेरीत कोसळते. स्पॉटलेस मात्र ही सोय स्वतः देतो. टॉगल-ऑफ-ऑन ही सेटिंग चालू केली की तो खुणांमधला मजकूर बाजूला काढून ठेवतो आणि फॉरमॅटिंग झाल्यावर परत बसवतो. त्याच्या मूळ खुणा वेगळ्या आहेत, पण ऑफ आणि ऑनचे शब्द बदलता येतात. तिथे जुनेच शब्द लिहिले आणि एकाही सोर्स फाइलला त्यासाठी हात लावावा लागला नाही. जोडीतली ऑनची खूण हरवली असेल तर तो भाग सुरक्षित राहत नाही, म्हणून दोन्ही खुणांची संख्या आधी मोजून घ्यावी.

दुसरी जागा जावाडॉक, म्हणजे कोडमधल्या ज्या टिप्पण्यांवरून माहितीची पानं तयार होतात त्या. फॉरमॅटर जावाडॉकमधले परिच्छेद पुन्हा भरतो आणि रिकाम्या ओळीनंतर पी टॅग घालतो. मोकळ्या स्पेस देऊन बनवलेल्या याद्या किंवा तक्ते प्री टॅगमध्ये नसतील तर त्यांचा एक सलग परिच्छेद होतो. दोन पर्याय: फॉरमॅट-जावाडॉक ही सेटिंग बंद करणं, किंवा असे तक्ते शोधून प्रीमध्ये टाकणं. आम्ही दुसरा घेतला, कारण प्री नसेल तर तयार होणाऱ्या एचटीएमएल पानावरही तो तक्ता मोडलेलाच दिसत असणार. जावाडॉकमध्ये सलग तीन-चार स्पेस असलेल्या ओळी शोधल्या की बहुतेक प्रकरणं सापडतात.

दुहेरी स्लॅशच्या टिप्पण्या १०० अक्षरांच्या पुढे गेल्या तर त्या मोडून पुढच्या ओळीवर नेल्या जातात. वाक्य असेल तर काही बिघडत नाही, पण टिप्पणीत दडवलेला जुना कोड असेल तर तो परत उघडताना कंपाइल होत नाही. तो कोड काढूनच टाकावा. गिटमध्ये तो आहेच.

मग साखळ्या. हाताने मोडलेली स्ट्रिंगची बेरीज, उदाहरणार्थ चार ओळींत सुटसुटीत लिहिलेली एसक्यूएल क्वेरी, १०० अक्षरांत मावत असेल तर एका ओळीत ओढली जाते. आपण घातलेल्या ओळभंगाला फॉरमॅटरच्या लेखी किंमत नाही. जिथे तो मोडलेपणा अर्थाला मदत करतो तिथे टेक्स्ट ब्लॉक (अनेक ओळींची स्ट्रिंग लिहिण्याची सोय) वापरले, जे जावा १५ पासून भाषेत कायम आहेत. जिथे ते शक्य नव्हतं तिथे ओळीच्या शेवटी नुसता रिकामा दुहेरी स्लॅश ठेवला. टिप्पणीनंतर ओळ मोडावीच लागते, त्यामुळे फॉरमॅटर ती जोडू शकत नाही. ही युक्ती दिसायला कुरूप आहे, म्हणून मोजक्याच जागी.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे ओळीच्या टोकाला लावलेल्या नो-सोनार किंवा नो-पीएमडी या टिप्पण्या, ज्या कोड तपासणाऱ्या हत्यारांना ‘इथे तक्रार करू नको’ असं सांगतात. त्या ज्या ओळीवर असतात तेवढ्याच ओळीला लागू होतात. लांब ओळ तीन ओळींत मोडली की टिप्पणी शेवटच्या ओळीवर जाते, तक्रार मात्र पहिल्या ओळीवर राहते. कोड कंपाइल होतो, चाचण्या पास होतात, आणि वर्षापूर्वी मिटवलेल्या तक्रारी पुन्हा उगवतात. जिथे जमेल तिथे त्यांच्या जागी सप्रेस-वॉर्निंग्ज ॲनोटेशन घातलं. ते ओळीला बांधलेलं नसतं.

एन्कोडिंगचाही प्रश्न निघतो. स्पॉटलेस फाइल यूटीएफ-८ धरून वाचतो आणि तसं नसलेलं अक्षर सापडलं की स्पष्ट एन्कोडिंग एरर देऊन थांबतो. जुन्या विंडोज एन्कोडिंगमध्ये लिहिलेलं कॉपीराइटचं चिन्ह एवढं कारण पुरतं. अशा फाइल आधी वेगळ्या कमिटमध्ये बदलून घ्याव्यात.

फेरीच्या शेवटी अप्लाय लगेच दुसऱ्यांदा चालवून बघावं. दुसऱ्या फेरीत काही बदललं तर फॉरमॅटर त्या फाइलवर स्थिरावत नाही असा अर्थ होतो. स्पॉटलेसमध्ये त्यासाठी पॅडेड-सेल नावाची यंत्रणा आहे, ती असे डुलणारे निकाल ओळखून सांभाळते. तरी ती फाइल उघडून बघावी. तिथे बहुतेक वेळा विचित्र ठिकाणी अडकवलेली टिप्पणी असते.

कमिटची रचना

सगळं एका कमिटमध्ये टाकलं तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. म्हणून चार कमिट केले आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिल्यात फक्त हाताची दुरुस्ती: प्री टॅग, टेक्स्ट ब्लॉक, ॲनोटेशन, एन्कोडिंग. हा सामान्य रिव्ह्यूने वाचायचा. दुसऱ्यात हत्यारांची अदलाबदल: जुनं प्लगइन बाहेर, स्पॉटलेस आत, जेव्हीएम-कॉन्फिग, चेकस्टाइलमधले बदल. चेक मात्र इथे बंदच, नाहीतर हा कमिट स्वतःच लाल होईल आणि पुढे बायसेक्ट करताना (दोष आणणारा कमिट शोधताना) मध्येच अडकायला होईल. तिसरा कमिट पूर्ण यंत्राचा, अप्लाय चालवून जे निघेल तेवढंच, माणसाने एक अक्षरही न लावलेलं. चौथ्यात चेक चालू करायचं.

मर्ज करताना स्क्वॉश (सगळे कमिट एकात दाबणं) करायचं नाही. केलं तर दुसरा आणि तिसरा एकत्र वितळतात आणि या विभागणीचा उपयोग संपतो. होस्टिंगवर स्क्वॉश सक्तीचं असेल तर प्रत्येक कमिटसाठी वेगळी पुल रिक्वेस्ट काढावी लागते.

तिसऱ्या कमिटचा रिव्ह्यू वाचून होत नाही, पुन्हा चालवून होतो. रिव्ह्यू करणारा दुसऱ्या कमिटवर जातो, अप्लाय चालवतो, कमिट करतो आणि आपल्या कमिटचा ट्री हॅश तिसऱ्याच्या ट्री हॅशशी ताडतो. कमिटचा हॅश जुळणार नाही, त्यात वेळ आणि नाव असतं. ट्री हॅश मात्र फक्त मजकुरावर ठरतो. तो जुळला की त्या कमिटमध्ये हाताने घुसवलेलं काही नाही याची खात्री झाली, आणि ती खात्री हजार ओळी वाचणाऱ्या कोणत्याही डोळ्यांपेक्षा पक्की.

वागणूक बदलली नाही हे बाइटकोडवरून (कंपाइल झालेल्या कोडवरून) दाखवता येतं. नेहमीच्या क्लास फाइलमध्ये ओळींचे क्रमांक असतात, त्यामुळे नुसती तुलना केली तर सगळंच वेगळं दिसतं. जावासीला (जावाच्या कंपायलरला) ‘जी-नन’ हा पर्याय दिला की डिबगची माहिती गळते. मेव्हनच्या कंपायलर प्लगइनमध्ये डिबग बंद करून हा पर्याय कंपायलर-आर्ग्जमधून द्यावा, नाहीतर प्लगइनचा स्वतःचा डिबग पर्याय आड येतो. मग दुसरा आणि तिसरा कमिट एकाच जेडीकेवर स्वच्छ बिल्ड करून सगळ्या क्लास फाइलींचे एसएचए-२५६ हॅश नावानुसार लावून ताडायचे. जारची तुलना करू नये, त्यात वेळेच्या नोंदी असतात. इम्पोर्ट क्लास फाइलमध्ये जातच नाहीत, मॉडिफायरचा क्रम बदलला तरी फ्लॅग तेच राहतात, आणि स्थिर स्ट्रिंगची बेरीज कंपायलर आधीच जोडून टाकतो, म्हणून ती कुठेही मोडली तरी निकाल एकच. इतकं असून एखादी क्लास फाइल वेगळी निघालीच तर आधी कोड जनरेट करणारी हत्यारं तपासावीत. बिल्डची वेळ किंवा कमिटचा हॅश कोडमध्ये लिहिणारी पायरी असेल तर फरक तिथला असतो.

चाचण्या तरीही चालवाव्यात. स्टॅक ट्रेसमधला ओळ क्रमांक तपासणारी चाचणी असेल तर ती पडेल, आणि बाइटकोडची ही तुलना ते सांगणार नाही.

ब्लेम आणि उघड्या ब्रँच

गिट २.२३ पासून ब्लेमला ठरावीक कमिट वगळायला सांगता येतं. प्रथेप्रमाणे प्रकल्पाच्या मुळाशी डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज नावाची फाइल ठेवायची, तिच्यात तिसऱ्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश, वर हॅशचिन्ह देऊन कारणाची एक ओळ. गिटहब ही फाइल आपोआप वापरतो. स्वतःच्या मशीनवर ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज-फाइल ही सेटिंग द्यावी लागते, आणि ती त्या रेपॉझिटरीपुरतीच द्यावी. ग्लोबल केली की ज्या रेपॉझिटरीत ती फाइल नाही तिथे ब्लेम चालायचंच थांबतं आणि कारण पटकन लक्षात येत नाही. हॅश मुख्य ब्रँचवर पोहोचल्यानंतरचाच नोंदवायचा. रिबेस करून (कमिट नव्या पायावर पुन्हा रचून) मर्ज होत असेल तर आधीचा हॅश कुचकामी, म्हणून ही फाइल चौथ्या कमिटमध्ये न घालता मागाहून स्वतंत्र घातली.

उघड्या ब्रँचचा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. मुख्य ब्रँच सरळ मर्ज केली तर जवळपास प्रत्येक फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट. त्यावरची कृती अशी. आपल्या ब्रँचमध्ये आधी दुसरा कमिट मर्ज करायचा, म्हणजे फॉरमॅटिंगच्या अगदी आधीचा. इथे येणारे कॉन्फ्लिक्ट खरे असतात, ते एरवीही आलेच असते. या मर्जने स्पॉटलेसची मांडणीही ब्रँचमध्ये येते. आता अप्लाय चालवून कमिट करायचं. मग तिसरा कमिट ‘अवर्स’ या स्ट्रॅटेजीने मर्ज करायचा: गिट तो आत आल्याची नोंद करतं, पण मजकूर आपलाच ठेवतं, आणि आपला मजकूर तर त्याच फॉरमॅटरने आधीच लावलेला आहे. शेवटी मुख्य ब्रँच नेहमीसारखी मर्ज.

यात एक खड्डा आहे. लहान ‘एस’ ने दिलेली अवर्स स्ट्रॅटेजी वेगळी आणि मोठ्या ‘एक्स’ ने दिलेला अवर्स पर्याय वेगळा. दुसरा फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी आपली बाजू घेतो, बाकी ठिकाणी दोन्ही मिसळतो. आणि लहान एसचं अवर्स फक्त तिसऱ्या कमिटवरच वापरायचं. घाईत मुख्य ब्रँचच्या टोकावर वापरलं तर इतरांचं मधलं सगळं काम ब्रँचमधून हरवतं आणि गिट एक शब्दही बोलत नाही. म्हणून ही कृती नेमक्या हॅशसकट लिहून सगळ्यांना दिली. प्रत्येकाने आठवणीतून टाइप करण्याची ही गोष्ट नव्हे.

स्पॉटलेसमध्ये रॅचेट-फ्रॉम नावाची सोय आहे. तिने मुख्य ब्रँचच्या तुलनेत बदललेल्या फाइलच तपासल्या जातात, म्हणजे एकदम सगळं बदलावं लागत नाही. मोठ्या आणि सुस्त प्रकल्पात ती उपयोगी आहे. पण ती फाइलच्या पातळीवर चालते, ओळीच्या नाही. एक ओळ दुरुस्त केली की सबंध फाइल पुन्हा मांडली जाते, आणि खरा बदल त्या गर्दीत बुडतो. प्रत्येक रिव्ह्यूमध्ये हा गोंधळ कैक महिने चालत राहणार, शिवाय ब्लेममधून वगळायला एकच असा कमिट नसणार. म्हणून ती टाळली. वापरायची असेल तर सीआयचा क्लोन उथळ ठेवून चालत नाही. तुलनेचा संदर्भ सापडत नाही आणि बिल्ड पडतो. पूर्ण इतिहास आणावा लागतो.

आजूबाजूची हत्यारं

चेकस्टाइलमधले इंडेंटेशन आणि स्पेसचे सगळे नियम काढले. मांडणीचा मालक एकच असावा. ओळीच्या लांबीचा नियमही गेला: फॉरमॅटर मूळच्या सेटिंगनुसार लांब स्ट्रिंग मोडत नाही आणि टिप्पणीतला लांब दुवा मोडू शकत नाही, अशा ठिकाणी चेकस्टाइल लाल आणि फॉरमॅटर खूश असा पेच पडतो. नावांचे नियम, रिकामे कॅच ब्लॉक वगैरे तसेच ठेवले. सप्रेशनच्या (तक्रारी दाबून ठेवणाऱ्या) फाइलीत ओळ क्रमांकाने दिलेल्या नोंदी आता चुकीच्या ओळी दाखवतात, त्या नावाने लिहाव्या लागतात. ओळीच्या तारखेवरून ‘नवा कोड’ ठरवणाऱ्या गुणवत्ता तपासणीला फॉरमॅटिंगने बदललेली प्रत्येक ओळ नवी वाटते, आणि जुना, चाचणी नसलेला कोड अचानक नव्या कोडच्या कव्हरेजमध्ये (चाचण्यांनी किती कोड चालवला त्या मोजमापात) मोजला जातो. नव्या कोडची आधाररेषा तिसऱ्या कमिटच्या पुढे सरकवून घ्यावी. ओळींच्या कव्हरेजवर बिल्ड पाडणारी मर्यादा असेल तर तीही हलते. शाखा किंवा बाइटकोड सूचनांवरची मर्यादा हलत नाही.

विंडोजवरच्या मशीनवर चेक प्रत्येक फाइल चुकीची ठरवत असेल आणि दाखवलेल्या फरकात फक्त ओळ संपल्याचं चिन्ह असेल, तर दोष गिट-ॲट्रिब्यूट्सचा. स्पॉटलेस ओळीचा शेवट मूळचा तिथूनच ठरवतो. जावा फाइलींना एलएफ (ओळ संपल्याचं युनिक्सचं चिन्ह) सक्तीचं लिहावं आणि गिट ॲडच्या रीनॉर्मलाइझ पर्यायाने रेपॉझिटरी एकदा स्वच्छ करावी. हे तिसऱ्या कमिटच्या आधीच, वेगळ्या कमिटमध्ये.

कंटेनरच्या बिल्डमध्ये आधी डिपेन्डन्सी प्लगइनच्या गो-ऑफलाइनने सगळं उतरवून मग ऑफलाइन बिल्ड करायची पद्धत असेल तर ती इथे तुटते. स्पॉटलेस फॉरमॅटरचे जार चालताना मागवतो, ते गो-ऑफलाइनला दिसत नाहीत. कंटेनरमध्ये फॉरमॅट तपासण्याचं काही कारणही नाही. चेक वगळणारी प्रॉपर्टी तिथे ट्रू करावी आणि पुढे जावं.

आयडीईबाबत सक्ती टाळली. इंटेलिजेसाठी गूगल-जावा-फॉरमॅटचं प्लगइन आहे, ज्याला हवं त्याने घ्यावं. एक सेटिंग मात्र एडिटर-कॉन्फिगमध्ये सगळ्यांसाठी ठेवली: तारांकित इम्पोर्टची मर्यादा. इंटेलिजे एका पॅकेजचे ५ वर्ग झाले की मूळच्या सेटिंगनुसार इम्पोर्ट तारांकित करतो, आणि फॉरमॅटर तो परत उलगडत नाही. मर्यादा ९९९ केली की प्रश्न मिटतो. कमिटच्या आधी अप्लाय चालवणारा हूक सक्तीचा केला नाही. अर्धी फाइल स्टेज केलेली (कमिटसाठी निवडलेली) असताना तो कामाच्या कॉपीतली पूर्ण फाइल बदलतो, आणि स्टेज केलेलं व न केलेलं यांची सरमिसळ होते.

पुढे फॉरमॅटरची आवृत्ती वाढवताना हीच पद्धत लहान प्रमाणात लागू होते. अवलंबनं आपोआप वाढवणाऱ्या बॉटला स्पॉटलेसच्या सेटिंगमध्ये दडलेला आकडा दिसेलच असं नाही, म्हणून तो पोमच्या प्रॉपर्टीत वर आणून ठेवला आहे. बॉटने पाठवलेली पुल रिक्वेस्ट चेकवर पडली तर फक्त आवृत्तीचा कमिट वेगळा, अप्लायचा वेगळा, आणि डिफ मोठी असेल तरच तिचा हॅश इग्नोरच्या फाइलीत. पाच-सात ओळींच्या फरकासाठी ती फाइल वाढवत नेऊ नये.